अकोल्याचा भाव

नेटवर्क प्रोग्रॅमिंग कुठल्या क्लासात शिकलात, असं अजूनही कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. अमरावतीतल्या क्लासवाल्यानं मला दारातूनच वाटेला लावलं होतं. बी.ए. झालेल्या पोरीनं टायपिंग करावं, फार तर अकाउंट्स शिकावं. दोन कॉम्प्युटरना एकमेकांशी बोलायला लावणं हे इंजिनिअरांचं काम, असं त्याचं म्हणणं. त्याला स्वतःला ते येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. मग मी सायबर कॅफेत शिकले. कॅफेवाले चाचा दुपारी गिऱ्हाईक नसलं की एक मशीन मला देत आणि इंटरनेटवरच्या प्रोग्रॅमिंगच्या इंग्रजी पानांचे प्रिंटही काढू देत.

पोटापाण्याची नोकरी होती मार्केट यार्डात, एका आडत्याकडे बिलं टाइप करायची. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल शेतकऱ्याच्या वतीनं विकून देणारा. वतीनं, असं निदान कागदावर तरी होतं. सकाळची हर्रास, म्हणजे बोली, सुरू व्हायच्या आधी आमचे सेठजी अकोल्याला मेव्हण्याच्या दुकानी फोन लावत. तिथले डाळ मिलवाले तूर काय भावानं घेतायत ते ऐकत आणि चेहऱ्यावर काही न दाखवता मालाचे ढीग लागलेल्या ओट्यावर जाऊन उभे राहत. इथं स्वस्तात सुटलेली तूर मग मेव्हण्यामार्फत तिकडच्या मिलांना जायची, नफा दोघांचा. भातकुलीहून तूर घेऊन आलेले माझे बाबा आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण तिथंच ताटकळत असायचे. त्यांना अकोल्याचा भाव कळायचा तो माल विकून झाल्यावर, चहाच्या टपरीवर. ते पाहून माझा जळफळाट व्हायचा.

ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. मी सेठजींना म्हटलं, अकोल्याला टाइप केलेला भाव इथल्या पडद्यावर आपोआप उमटेल असा प्रोग्रॅम लिहिते, पडदा दुकानाच्या दारात यार्डाकडे तोंड करून ठेवू. फोनची कटकट जाणार म्हणून ते लगेच हो म्हणाले.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. मला वाटलं होतं, हे एसटीच्या पार्सलसारखं असेल. अकोल्याला गठ्ठा चढवला की अमरावतीला तसाच उतरेल. पण तारेतून अक्षरं येतात ती मोकळ्या धान्यासारखी, धार लागून. एक पोतं कुठं संपलं हे ती सांगत नाहीत. तुरीचा आणि हरभऱ्याचा भाव एकमेकांना चिकटला आणि पडद्यावर एकच भलामोठा आकडा झळकला. हमाल पोट धरून हसले. एका शेतकऱ्यानं विचारलं, हा भाव कधीपासून लागू, बियाण्याची ठेवलेली तूरही घेऊन येतो. त्या इंग्रजी पानांवर ही गोष्ट ठळक अक्षरांत का लिहून ठेवू नये? चाचांच्या कॅफेत पुष्कळ डोकेफोड केल्यावर उमगलं की प्रत्येक भावाच्या शेवटी आपणच खूण घालायची आणि ती दिसेपर्यंत थांबायचं. एवढंच होतं.

मग पडदा नीट चालला. लोक आधी पडद्याकडे बघायचे, मग खरेदीदारांच्या तोंडाकडे, आणि बोली वर चढायची. हे थोडे दिवस टिकलं. एका सकाळी आले तर पडदा सेठजींच्या गादीकडे वळवलेला. मी कारण विचारलं.

"भाव त्यायले दाखवाले नाही आणला मी," सेठजी म्हणाले. "मले पाहाले आणला. तू काहून पंचाइती करून राहिली?"

त्या वर्षांत मुंबई-दिल्लीचे पाहुणे गाड्या भरभरून वऱ्हाडात यायचे, शेतकऱ्याला काय झालंय म्हणून विचारायचे, शेतकऱ्याचं अज्ञान म्हणून भाषणं ठोकायचे. अज्ञान! माझ्या डोळ्यांसमोर ते पडदा फिरवून तयार केलं जात होतं, आणि तोही मीच लिहिलेल्या प्रोग्रॅमचा.

बाहेर बाबांच्या ढिगावर बोली लागली होती, अकोल्याच्या कितीतरी खाली. मी गादीपाशी जाऊन पडद्यावरचा आकडा वाचला, बाहेर आले, ओट्यावर चढले आणि अकोल्याचा तुरीचा भाव मोठ्यानं सांगितला. बोली थांबली. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसले आणि सुपानं तूर परत पोत्यात भरू लागले. शेजारच्या ढिगावरचा माणूसही बसला.

उद्यापासून येऊ नको, असं सेठजी मला ओरडून सांगत होते. त्यांच्या पाठीमागं ओट्यावरचा एकेक ढीग पोत्यात परत जात होता.