न चुकणारा कप्तान आणि खेकसणारी इरासी

कप्तान लिंदोल्फो जन्मात कधी वाट चुकला नव्हता. नदीकाठच्या बारांको आल्तो गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो स्वतःच सांगायचा. विमान भलत्या गावी उतरलं तर चूक नकाशाची असे. नदी दिसली नाही तर नदीनं पात्र बदललेलं असे. बेलें शहराहून चार तास जंगलावरून विमान हाकायचं आणि वर पृथ्वीच्या चुका पोटात घालायच्या, म्हणजे बिचाऱ्याला केवढा ताप!

खरी गोष्ट अशी की त्याला घरी आणायची इरासी. गावच्या रेडिओवर ती सत्तावीस वर्षं लोकांचे निरोप वाचत होती. सगळे तिला मानानं 'दोना' म्हणत. त्याआधी शाळेत बाई होती. पोरांवर फार ओरडते म्हणून तिला काढलं, तेव्हा तिनं अख्ख्या नदीकाठावर ओरडायला घेतलं. "वरच्या वळणावरच्या ओझेआसला निरोप. आईचं ऑपरेशन झालं, होडी घेऊन ये. ओझेआस, हा तिसरा निरोप आहे. जरा लाज वाटू दे."

विमानात एक काटा असतो. जे स्टेशन लावाल त्याच्याकडे तो तोंड करतो, आणि काट्यामागे गेलं की गाव येतं. लिंदोल्फोच्या यंत्रावरचे स्टेशनांचे आकडे मात्र केव्हाच पुसून गेले होते. "रंगवून तरी घ्या," असं इरासी एकदा म्हणाली.

"आकडे कशाला, दोना इरासी? बटण फिरवायचं. तुम्ही कुणावर तरी खेकसत असताच. त्या दिशेनं यायचं."

इरासीला हे फार आवडलं होतं. अर्थात तिनं तसं दाखवलं नाही.

त्या रविवारी फुटबॉलचा मोठा सामना होता. रेडिओचे मालक तेओबाल्दो यांचा हुकूम होता, की राजधानीहून येणाऱ्या वर्णनात आपला एक शब्दही मिसळायचा नाही. नदीवरच्या एकूण एक स्टेशनवर तोच एक माणूस बेंबीच्या देठापासून ओरडत होता. गावातल्या छोट्या रेडिओंवर मात्र इरासीचं एकच स्टेशन लागायचं. इरासी तोंडाला कुलूप लावून यंत्रापाशी बसली होती, आणि तिला ते मुळीच जमत नव्हतं.

विमान चारला यायचं. साडेचारला कप्तानाची बायको नाईर एप्रनवरच धावत स्टुडिओत आली. "दोना, अजून आला नाही हो."

इरासीनं धावपट्टीवर फोन लावला. तिथला आबेलार्दो वायरलेसवर विमानाशी बोलायचा.

"काय म्हणतोय?"

"पाच मिनिटांत पोचतो म्हणतोय."

"चारला काय म्हणाला होता?"

"पाच मिनिटांत पोचतो."

"आणि आवाज कसा येतोय?"

"दर वेळी आणखी लांबून येतोय, दोना."

इरासीच्या लक्षात आलं. सगळीकडे एकच आवाज, यंत्रावर आकडे नाहीत, म्हणजे या शहाण्यानं जे हाताला लागलं ते स्टेशन आपलं समजून पकडलं होतं. विमानात बावीस माणसं होती आणि तेल तासाभराचं. "आबेलार्दो, त्याला सांग, मी बोलतेय, मला शोध."

"सांगून बघतो. पण तो म्हणतो, मी हरवलोच नाही."

त्याच क्षणी आमच्या संघाला पेनल्टी मिळाली. इरासीनं वर्णनाचं बटण खाली ओढलं.

"रेडिओ बारांको आल्तो. कप्तान लिंदोल्फो, तुम्ही हरवलेले नाही, हे सर्वांना मान्य आहे. फक्त गाव हरवलंय. ते इथे आहे, मी बोलतेय तिथे."

एका वाक्यानं भागणार नव्हतं. वर कुणीतरी बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणार, तेवढा वेळ बोलत राहायला हवं होतं. तिनं जुने निरोप वाचले. तांबाकी मासा कसा भाजायचा ते सांगितलं. ओझेआसला पुन्हा झापलं. बाहेर माणसं जमली, पत्र्यावर बाटल्या येऊन पडू लागल्या. "दोना, पाया पडतो! एवढी पेनल्टी ऐकू द्या, मग मरेपर्यंत बोला!" नाईर दाराला पाठ लावून उभी राहिली, आणि इरासी तीस वर्षांपूर्वीच्या पोरांचे गणिताचे मार्क नावानिशी वाचू लागली. त्यावर बाहेरची बरीच मंडळी गप्प झाली.

तेविसाव्या मिनिटाला फोन वाजला. सहवैमानिक एदमिल्सनला आवाज सापडला होता. विमान वळलं होतं.

ते उतरलं तेव्हा टाकीत तेल नव्हतं, तेलाचा वास होता. कप्तान टोपी सारखी करत खाली आला. "मी वळणारच होतो," तो म्हणाला. "पेनल्टीचं काय झालं?"

ते गावात कुणालाच माहीत नव्हतं, आणि हीच तर तक्रार होती. मंगळवारी मालकाकडे अर्ज गेला. त्यावर त्रेसष्ट सह्या होत्या. पहिली सही वळणदार, झोकदार, कप्तान लिंदोल्फोची. तेओबाल्दोंनी निकाल दिला, की रविवारी सामन्याआधी रेडिओवरून माफी मागायची, नाहीतर स्टुडिओची किल्ली ठेवून कायमचं घरी जायचं.

रविवारी माफीचा टाइप केलेला कागद इरासीसमोर आला. शेजारी निरोपांची पेटी होती. वरचीच चिठ्ठी उचलून तिनं सवयीनं वाचायला सुरुवात केली.

"बारांको आल्तोच्या दोना इरासीला निरोप. त्या रविवारी आमचा माणूस घरी आला. त्याला हे बोलता येत नाही, म्हणून मी लिहिते. नाईर, कप्तानाच्या घरून."

एवढ्या वर्षांत तिला कधी कुणी निरोप धाडला नव्हता. निरोप दोनदा वाचायची पद्धत होती, म्हणून तिनं तो दुसऱ्यांदाही वाचला. मग माफीच्या कागदावर किल्ली ठेवली आणि सामना लावून दिला.

कप्तान तेव्हा जंगलावर होता. एदमिल्सननं मागाहून सांगितलं, की पहिल्या वाचनाला तो म्हणाला, "बंद कर." दुसऱ्याला त्यानं टोपी काढली. मग माफी न येताच फुटबॉलवाला ओरडायला लागला. कप्तान काट्याकडे बघत राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "उद्या आकडे रंगवून घे."