शिकवलं नाही ते विचारा

आदरणीय शकुंतलाबाई रामटेके यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त हा सत्कार. त्यांची आमची पहिली भेट रिसालीला त्यांच्या घरी झाली, आणि ती गोड नव्हती. दार अर्धंच उघडून त्यांनी विचारलं, "कोनं पाठवलं तुमाले?" माझी आईही रस्ताभर पुटपुटत आली होती, "फुकटात कोन काम करते आजकाल?" दोघींनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि मी मध्ये उभी.

बाई इथल्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, दवाखान्यात परिचारिका होत्या. निवृत्तीनंतर त्या दिव्यांगांच्या घरच्यांना सरकारी विम्याच्या कामात मदत करतात. या विम्याचा हप्ता सरकार भरतं आणि उपचारांचा खर्च त्यातून निघतो. बाई कुणाकडून काही घेत नाहीत, चहासुद्धा नाही.

माझा मोठा भाऊ प्रशांत बौद्धिक दिव्यांग आहे. त्याला झटके येतात. त्याची औषधं या विम्यावर चालत. फेरतपासणीत डॉक्टरांनी त्याचं अपंगत्व 'सौम्य' ठरवलं आणि विमा थांबला.

आम्हा दोघांचं पहिलं शिक्षण घरीच झालं, आईच्या पोळपाटासमोर. तपासणीसाठीही आईने त्याची परीक्षेसारखी तयारी करून घेतली होती. इथले डॉक्टर हिंदी बोलणारे, म्हणून सगळं हिंदीत: नमस्ते म्हणायचं, मग स्वतःचं नाव, बाबांचं नाव, सेक्टर दोनचा पत्ता. नवा शर्ट, भांग पाडलेला. साहेबांपुढे लेकराची फजिती होऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. प्रशांतने एकही चूक केली नाही.

त्या पहिल्या भेटीत बाईंपुढेही त्याने सगळं घडाघडा म्हटलं. बाईंचे डोळे बारीक झाले.

"जेवला का रे बाबू?"

"नमस्ते. मेरा नाम प्रशांत है." तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"हे कावून शिकवलं, माय?"

"मंग काय येड्यासारखा नेऊ त्याले?" आई फणकारली.

त्याच सुमारास एका दलालाने आम्हाला सुचवलं, की पोराला लाळ गाळायला शिकवा. मला ते लपवणं जमेना, म्हणून भीत भीत बाईंना सांगितलं. त्या उसळल्या. "आधी हुशार बनवलं, आता ढोंगी बनवता? एक खोटा सापडला, का खऱ्याइलेही कोनी मानत नाही!" पुढे त्यांनी आमच्या शेजाऱ्यांकडे जाऊन प्रशांतची चौकशी केली. मला राग आला. आता कळतं, ज्यांची बाजू घ्यायची त्यांनाही त्या आधी पारखून घेतात, म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आहे.

मग बाईंनी आमच्याकडून अर्ज करवला, आणि त्या सोबत असताना पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी बाईंकडे रोखून पाहिलं. "सिखाके लाई हैं क्या, सिस्टर?"

"घरवालों ने सिखाया है, साहब, छुपाती नहीं. जो नहीं सिखाया, वो पूछिए."

डॉक्टरांनी प्रशांतला टेबलावरचा पाण्याचा ग्लास आईला द्यायला सांगितलं. तो ग्लासाकडे पाहत राहिला. मग त्याने हात जोडले आणि नाव, पत्ता सगळं म्हटलं. आईने पदर तोंडाला लावला.

परतताना ऑटोत बाईंनी तिचा हात धरला. "रडू नको. तुह्यं शिकवनं वाया नाही गेलं. बजारात हात सुटला तं पोरगा पत्ता सांगन ना!"

"मंग आज तरी च्या घ्या आमच्याकडं."

"साखर लय टाकत असशीन तू," बाई म्हणाल्या, आणि घेतला नाहीच.

विमा सुरू झाला. मी पेढे घेऊन गेले, तर म्हणाल्या, "औषधाच्या खिडकीवर कार्ड चालू दे, मंग पेढे."

परवा या सत्काराचं सांगायला गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोन करून राहिलं हे? काय पाहिजे त्याइले माह्याकडून?"

बाई, हवं आहे, हे मी नाकारत नाही. प्रशांतची फेरतपासणी पुन्हा येईल. आई-बाबा थकतील, तेव्हा त्याच्या वतीने बोलायला मी एकटीच असेन. घाबरून मी काही वाढवून सांगेन, काही झाकेन, याची मला आत्तापासून धास्ती वाटते. म्हणून गुडघे जपा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका, खणखणीत शंभरी गाठा. माझ्यावर संशय घ्यायला तुम्ही हव्या आहात.