केझायाचा खुंट

पोर्ट लँबर्नमध्ये जेबेझ पेंगेलीला सगळे साखळीवाला जेबेझ म्हणत. मोजणीच्या साखळीचं मागचं टोक धरून उभं राहायचं, पुढचा माणूस ती ताणत झुडपांतून निघाला की टोक खुणेला टेकवायचं, ‘हं!’ म्हणून ओरडायचं आणि पुढून ‘लागली!’ असा आवाज आला की चालू लागायचं, हे त्याचं काम. कॉर्नवॉलला असताना तो कथिलाच्या खाणीत होता आणि रविवारी प्रार्थनामंदिरात खड्या आवाजात गायचा. त्याचं गाणं ऐकूनच टॅमसिननं त्याच्याशी लग्न केलं होतं. आता घरी आल्यावरही ‘हं’च्या पुढे त्याची गाडी जात नाही, असं ती शेजारणींना सांगायची.

साखळीबरोबर आणखी एक काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. मोजणी कचेरीच्या जाहीर सूचना दुकानासमोरच्या निलगिरीच्या खोडावर ठोकायच्या आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायच्या. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आखातावरची ती वसाहत अजून धड उभी नव्हती, पण सूचनांना काही तोटा नव्हता. बकऱ्या मोकाट सोडू नयेत. झऱ्यावर कपडे धुऊ नयेत. रस्त्यासाठी राखलेल्या जागेवर कुणी झोपडी बांधली असल्यास काढून न्यावी. रस्ता म्हणावा तर नजर जाईल तिथवर नुसतं गवत. पण नकाशावर तो होता, आणि नकाशापुढे कुणाचं काय चालणार? मुळात ज्यांची ती जमीन, ते लोक टेकाडावर बसून हा सगळा खटाटोप बघायचे. त्यांना कुणी सूचना वाचून दाखवल्याचं ऐकिवात नाही.

जेबेझ आणि टॅमसिनची मुलगी केझाया वारली तेव्हा तर गावही नव्हतं. मोजणीवाले तंबूंत राहत होते, बायकापोरं बरोबर होती. चार वर्षांची पोर, पोटाचं दुखणं झालं आणि आठवडाभरात गेली. दफनभूमीची जागाही मोजायची राहिली होती, म्हणून जेबेझनं तंबूंच्या पलीकडे खड्डा खणला. तिथल्या मातीखाली चुनखडीचा कडक थर. कुदळ नुसती टणटण वाजायची. खड्डा गुडघ्याइतकाही झाला नाही. कॉर्नवॉलला थडग्यावर पाटीचा काळा दगड लावतात. तो इथे कुठून मिळणार? फळी हवी तर तीही जहाजातून यायची. हाताशी होता तो हद्दीच्या कोपऱ्यावर ठोकायचा मोजणीचा खुंट. लाल निलगिरीचा, चौकोनी तासलेला, जड. तोच त्यानं उशाशी ठोकला. ‘दगड आणू, मग नाव कोरू,’ तो टॅमसिनला म्हणाला. दगड काही आला नाही.

त्याच दुपारी तो परत साखळीवर गेला. लोक म्हणाले, मोठा खंबीर गडी. खंबीर कसला, बधिर झाला होता. त्याला भूक लागायची, झोप यायची, काम बिनचूक व्हायचं. फक्त आत काही हलत नव्हतं. याची त्याला शरम वाटायची, म्हणून तो कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. टॅमसिन मात्र दर रविवारी खुंटाभोवतालचं गवत उपटून जमीन स्वच्छ झाडून यायची. साप येतात म्हणायची.

पुढे पहिला मोजणीदार नोकरी सोडून गेला आणि त्याच उन्हाळ्यात वणवा लागला. गावाच्या मागचं सगळं रान जळालं, आणि हद्दींचे लाकडी खुंटही जळाले. नवा मोजणीदार ऑल्डरसन आला तेव्हा सगळीकडे राखच होती. जेबेझ, साखळी आणि जुना नकाशा घेऊन तो दिवसभर एखादा तरी जुना खुंट सापडतो का बघत हिंडला, आणि संध्याकाळी त्याला एक सापडला. चांगला धडधाकट, कारण त्याच्याभोवती जळायला गवतच नव्हतं.

‘‘हा आपल्याच मोजणीचा ना रे?’’ ऑल्डरसननं विचारलं.

‘‘मीच ठोकलाय, साहेब,’’ जेबेझ म्हणाला.

‘‘नकाशाशी तर जुळत नाही.’’

जेबेझ साखळीच्या कड्या सोडवत राहिला. खरा कोपरा बराच पलीकडे, ओढ्याकडे होता हे त्याला ठाऊक होतं. आणि तो धरला असता तर नकाशावरचा रस्ता बरोबर केझायावरून गेला असता. कागदावरची रेघ जमिनीवर यायला वर्षं लागतील, तोवर बघू, असं म्हणत तो इतके दिवस ढकलत आला होता.

‘‘तुमचा जुना साहेब भारी पीत होता म्हणे,’’ ऑल्डरसन हसून म्हणाला. ‘‘म्हणजे नकाशाच चुकलाय. खुंट काही पीत नाही. चल, धर साखळी.’’

जेबेझनं साखळीचं टोक मुलीच्या उशाशी टेकवलं. तिथून अख्ख्या गावाच्या रेघा नव्यानं पडल्या. पुढच्याच आठवड्यात त्यानं खोडावर सूचना ठोकली: मोजणीचा खुंट कुणी उपटल्यास अगर हलवल्यास तुरुंगाची शिक्षा होईल. त्या रात्री टॅमसिन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. आता सरकारच पोरीची राखण करतंय, म्हणाली.

त्या कोपऱ्याची जमीन विल्यम ट्रेवेनानं घेतली. हाही कॉर्नवॉलचाच, पूर्वी खाणीतलाच, तोंडाचा फटकळ. त्यानं हद्दीच्या आत, अगदी रेघेला खेटून विहीर खणली आणि तिला गोडं पाणी लागलं. गावातल्या निम्म्या विहिरी मचूळ, त्यामुळे ट्रेवेना त्या विहिरीकडे दुभत्या गाईकडे बघावं तसा बघायचा.

वर्षभरानं कचेरीची आणखी एक सूचना आली. जेबेझनं ती ठोकली आणि जमलेल्या लोकांना वाचून दाखवू लागला. वणव्यात पुन्हा खुंट जळू नयेत म्हणून प्रत्येक मालकानं आपल्या कोपऱ्यावरचा खुंट काढून बरोबर त्याच जागी जाड खांब पुरावा. खड्डा कमरेइतका खोल असावा. खुंट काढताना मोजणी कचेरीचा माणूस हजर हवा. इथे जेबेझचा आवाज थांबला.

‘‘कमरेइतका?’’ ट्रेवेना म्हणाला. ‘‘या चुनखडीत? साहेबाला म्हणावं, ये आणि खणून दाखव. आणि तुला रे काय झालं? अक्षर लागत नाही का?’’

‘‘लागतं की,’’ म्हणून जेबेझनं उरलेलं वाचून टाकलं.

घरी येऊन त्यानं टॅमसिनला सगळं सांगितलं. ती मटणाचा रस्सा वाढत होती. वाढायची थांबली.

‘‘साहेबाला खरं काय ते सांग.’’

‘‘सांगितलं तर सगळ्यांच्या रेघा सरकतात. ट्रेवेनाची विहीर दुसऱ्याच्या घशात जाते. मी तुरुंगात जातो. आणि तिच्यावरून रस्ता जातोच.’’

‘‘आणि नाही सांगितलं तर तिच्यात खांब.’’

‘‘हं.’’

‘‘हं काय, जेबेझ? तुला काही वाटतंय का, ते बोल ना.’’

त्यानं खरोखर शोधून पाहिलं. ‘‘नाही वाटत,’’ तो म्हणाला.

टॅमसिन त्याच्याकडे बघत राहिली. तिला त्याचा संताप आला होता आणि कीवही आली होती. मग तिनं वाटी त्याच्यासमोर ठेवली.

‘‘मग तूच खण. परक्याची कुदळ नको तिथे.’’

कचेरीचा माणूस म्हणून तो सकाळी गेला तेव्हा ट्रेवेना खांब आणून त्याच्यावर बसला होता. ‘मी खणतो’ म्हटल्यावर ट्रेवेनानं आग्रह वगैरे काही केला नाही. फडक्यातली पेस्टी, म्हणजे त्यांच्याकडची बटाट्या-मटणाची जाड करंजी, काढून खायला लागला. जेबेझनं खुंट काढून बाजूला ठेवला आणि माती उकरायला सुरुवात केली.

‘‘बटाटे काढतोयस का रे?’’ ट्रेवेना म्हणाला. ‘‘जरा जोर लाव. खाणीत असा खणला असतास तर मुकादमानं लाथ घातली असती.’’

जेबेझ तसाच हलक्या हातानं खणत राहिला. थोड्याच वेळात फावड्याच्या कडेला निळ्या कापडाचा कोपरा आला. टॅमसिनचा एप्रन. दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी पोरीला त्यात गुंडाळलं होतं. जेबेझनं फावडं खाली ठेवलं.

‘‘काय, दगड लागला?’’

हो म्हणायची सोय होती. जेबेझला ती सुचलीही. पण तोंडातून दुसरंच निघालं.

‘‘मुलगी आहे.’’

‘‘कुणाची मुलगी?’’

‘‘माझी.’’

ट्रेवेनानं पेस्टी फडक्यात ठेवली आणि टोपी काढली. वाकून खड्ड्यात बघितलं. मग त्याला हळूहळू पुढचं कळायला लागलं.

‘‘म्हणजे हा खुंट...’’

‘‘मोजणीचा नाही. तिच्यासाठी ठोकला होता.’’

ट्रेवेनानं विहिरीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि परत विहिरीकडे पाहिलं. ‘‘कुणाकुणाला माहीत आहे?’’

‘‘टॅमसिनला. आता तुला.’’

ट्रेवेना मनाचा वाईट नव्हता. त्याची स्वतःची दोन लेकरं इकडे येताना जहाजावर वारली होती, ती समुद्रात सोडावी लागली होती. पण विहीरही होतीच, आणि या दोहोंपैकी कशासाठी तो उठला हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं घरातून करवत आणली आणि जेबेझला खांबाचं एक टोक धरायला सांगितलं.

‘‘खालचा भाग कापून टाकू. साहेब काय, वरून बघणार. वाकायला त्याची विजार घट्ट आहे.’’

दोघांनी मिळून खांब आखूड केला. कापडावर मऊ माती सारली, वर सपाट दगड बसवला, त्यावर खांब उभा करून चहूबाजूंनी दगड ठोकून घट्ट केला. ट्रेवेना भराभर एक प्रार्थना पुटपुटला. जेबेझनं मातीचा हात कपाळाला लावून ‘आमेन’ म्हटलं आणि तो घरी गेला.

टॅमसिन दारातच उभी होती. ‘‘झालं?’’

‘‘ट्रेवेनानं खांब कापला. तिच्यापर्यंत पोचत नाही.’’

‘‘तू पाहिलंस तिला?’’

‘‘नाही. एप्रनचा कोपरा तेवढा दिसला.’’

‘‘रंग गेला असेल ना रे?’’

‘‘नाही. निळाच आहे.’’

टॅमसिन उंबऱ्यावर खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. जेबेझ तिच्याशेजारी बसला. आपणही रडायला हवं हे त्याला कळत होतं. तो थांबून राहिला, पण डोळे कोरडेच होते.

‘‘मला येतच नाही गं,’’ तो म्हणाला.

तिनं त्याचे हात ओढून मांडीवर घेतले आणि रडत रडतच त्याच्या नखांत अडकलेली माती केसांतल्या पिनेनं एकेक करून काढू लागली. काढली ती तिनं झटकली नाही. मुठीत धरून बसली.