मैयाला दिलेली कुबडी

टाळ्यांशी माझं काही वाकडं नाही. शाळेत पाहुणा आला, चार शब्द चांगले बोलला, तर वाजवाव्यात. पण त्या दिवशी देवासच्या शाळेत मी मागच्या रांगेत पालकांमध्ये बसले होते आणि मला स्पष्ट दिसलं, पोरं टाळ्या वाजवत होती पाहुण्यांसाठी आणि बघत होती माझ्या मुलीकडे.

मुलगी तेव्हा नववीत होती. जन्मापासून तिचा डावा पाय बारीक, त्यात जोर नाही. काखेत लाकडाची एक कुबडी घेऊन ती सगळीकडे हिंडायची, भांडायचीसुद्धा त्याच कुबडीने. पाहुण्यांच्या दोन्ही पायांतलं बळ लहानपणीच तापात गेलेलं. टेबलाला धरून उभे होते आणि खणखणीत आवाजात सांगत होते, ‘‘धरमपुरी के घाट पर बाबूजी ने मेरी बैसाखी नर्मदा मैया में फेंक दी. उसी दिन मैं अपने पैरों पर खड़ा हुआ.’’ हॉल दणाणला. पोरांच्या माना पुन्हा माझ्या मुलीकडे वळल्या. घरी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘‘तुला चांगल्यातही खोटच दिसते.’’ दिवसभर कारखान्यात राबून आलेला माणूस, त्याच्याशी काय वाद घालायचा?

मग वर्गातल्या पोरी घरी यायला लागल्या. आधी कुणी फिरकत नव्हतं. आता तिचं दप्तर उचलायच्या, तिला शेवेचे पुडे आणायच्या. वाईट पोरी नव्हत्या, हे मी आजही म्हणते. पण बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि कोपऱ्यातल्या कुबडीकडे बघत बसायच्या. एकीने विचारलं, ‘‘आंटी, ये लकड़ी की है ना? तैरेगी?’’

‘‘लाकूड आहे, तरंगेल नाही तर काय. नाव करतेस का तिची?’’ मी म्हटलं. सगळ्या हसल्या. माझी मुलगी तेवढी हसली नाही.

शाळेची सहल धरमपुरीलाच ठरली. पाहुण्यांचा घाट पोरांना बघायचा होता. आदल्या दिवशी कुबडीला लाल नाडा बांधलेला दिसला, देवाला वाहायच्या नारळाला बांधतात तसा. मी सोडायला गेले तर तिने कुबडी ओढून घेतली. ‘‘राहू दे ना आई, मैत्रिणींनी बांधलाय.’’ त्या संध्याकाळी ती जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली.

सहलीत बाफले, म्हणजे कणकेच्या बाट्या, करायला हात हवे होते म्हणून आम्ही काही आया बरोबर गेलो. घाटावर झाडाखाली मी गोवऱ्यांवर बाफले शेकत होते आणि खालून टाळ्या ऐकू आल्या. त्याच, हॉलमधल्या. हातातलं सगळं टाकून धावले.

कुबडी पाण्यात गेलेली होती. लाल नाडा लांबूनही दिसत होता. मुलगी पाण्यालगतच्या पायरीवर एकटी, शेवाळावर, एका पायाच्या आधारावर उभी. पोरं वरच्या पायऱ्यांवर. ‘‘चल, चल, तू कर सकती है.’’ त्यांचे सर मोबाइलवर शूटिंग करत होते. एक नाव अगदी जवळ होती, नावाड्याने हात लांबवला असता तर कुबडी मिळाली असती. मी ओरडले, ‘‘भिया, वो लकड़ी निकाल दो!’’

त्याने हात जोडले. ‘‘मैया को चढ़ गई, बेन. चढ़ी चीज वापस नी लेते.’’

खरं आहे, मीही मैयाला वाहिलेला नारळ कधी परत घेतलेला नाही. पण मैयाला कुबडी कशाला हो? तिला का चालायचं अडलंय?

‘‘बस खाली,’’ मी मुलीला म्हणत होते, ‘‘आहेस तिथंच बस.’’ तिने माझ्याकडे बघितलं, मग पोरांकडे बघितलं. एक पायरी चढली. टाळ्या वाढल्या. दुसरीवर गेली.

खुबा मोडला. इंदूरला ऑपरेशन झालं. तिच्या खाटेशी बसून मी त्या पोरींचा उद्धार करत होते, तर तिने माझा हात धरला. ‘‘त्यांना बोलू नकोस. फेकली मीच.’’

‘‘का गं बाई?’’

‘‘सगळे इतके खूश होते, आई. नाही म्हणायची भीती वाटली.’’

ती घरी आल्यावर पाहुणे भेटायला आले. दोन कुबड्यांवर. मी दारातून बाजूला झाले. मुलीने सरळ विचारलं, ‘‘सर, आपकी तो बाबूजी ने फेंक दी थी ना?’’

‘‘दूसरे दिन नई ला दी थी, बेटा,’’ ते मान खाली घालून म्हणाले. ‘‘बहुत रोए थे.’’

‘‘ये स्टेज पर क्यों नहीं बोलते?’’

‘‘ताली फेंकने पर बजती है. उसके बाद कोई सुनता नहीं.’’ मग म्हणाले, ‘‘अब बोलूँगा.’’ त्यांचा चेहरा बघून माझा राग विरघळला. मी चहा टाकला.

आता मुलगीही दोन कुबड्यांवर चालते. मैयाला एक दिली, तिने दोन दिल्या, असं तीच म्हणते. मला अजून हसायला जमत नाही.

गेल्या आठवड्यात बदनावरहून फोन आला. धारला माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण, आता बदनावरच्या शाळेत शिकवते. कितीतरी दिवसांनी बोलत होतो, माझ्या मुलीचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या शाळेत एक पाहुणे येऊन गेले, आमच्या घरी आलेले तेच, फार सुंदर बोलले म्हणाली. ‘‘अगं, तुमच्या देवासच्या कुठल्याशा मुलीचं सांगितलं. स्वतःच्या हाताने कुबडी मैयाला दिली आणि घाट चढली. पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती.’’

‘‘आणि पुढचं?’’

‘‘पुढचं काय? एवढंच सांगितलं.’’

मी विचारलं, ‘‘तुमच्याकडे कुबडीवालं कुणी आहे का?’’

‘‘आहे ना, सातवीत एक मुलगी. आता सगळा वर्ग तिच्याभोवती असतो, बरं वाटतं बघून. काल तर तिच्या कुबडीला त्यांनी लाल नाडा बांधलाय.’’

‘‘तो आत्ता जाऊन सोड,’’ मी म्हटलं. ‘‘मग सांगते.’’