पासिंगची चिठ्ठी

नोकरीतले यशस्वी तपास मी निवृत्तीनंतर बऱ्याच ठिकाणी सांगितले. शाळांच्या कार्यक्रमांत सांगितले, सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना सांगितले. हा एक तपास मात्र सांगायचं टाळत आलो. विसरलो म्हणून नव्हे. त्यातला एकही तपशील अजून पुसट झालेला नाही.

मी मूळचा घाटावरचा. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक म्हणून आलो. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग तक्रारदार. बहुतेक तक्रारी सामाईक बांध, माडाच्या पडलेल्या झावळ्या आणि भाऊबंदकीच्या. खुनाबिनाचे गुन्हे क्वचित.

त्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास फोन आला. मासे घेऊन कुडाळच्या बाजाराला निघालेली सहा आसनी रिक्षा उतारावर जांभ्या दगडाच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, आदळली होती. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर बांगडे पसरले होते आणि कडेला बसलेली मासेवाली बाई बाहेर फेकली जाऊन जागीच गेली होती. वय पन्नाशीच्या पुढे. आणखी दोघींना मार लागला होता. चालकाचा हात मोडला होता, तरी तो त्या बाईच्या उशाशी बसून एकच वाक्य म्हणत होता, "साहेब, ब्रेक लागलो नाय. ब्रेक लागलोच नाय."

घटनास्थळाचा पंचनामा केला. रस्त्यावर चाकं घासल्याची खूण नव्हती. गाडीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी कागदपत्रं होती. परवाना, विमा, पीयूसी आणि योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे लोक ज्याला 'पासिंग' म्हणतात ते. त्याची मुदत अजून आठ महिने होती. मी मनाशी म्हटलं, कागद पूर्ण आहेत, म्हणजे चूक चालकाची.

अपघातातली गाडी मोटार वाहन निरीक्षकाला दाखवावी लागते. ते दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात आले. चाक काढून त्यांनी मला वाकून बघायला लावलं. ब्रेकचं अस्तर झिजून धातू धातूला घासत होता, आणि आतून तेल गळत होतं. "ही आजची झीज नाही," ते म्हणाले. "या अवस्थेत ही गाडी तपासणीत पास होणंच शक्य नाही." त्यांनी प्रमाणपत्रावरचा कोड मोबाईलवर वाचून पाहिला. त्यातून भलत्याच जिल्ह्यातल्या भलत्याच गाडीची माहिती उघडली. कागद बनावट होता.

मी बनावट दस्तऐवजाचं कलम वाढवलं आणि चालकाला अटक केली.

हा माणूस चाळिशीचा. बारा-तेरा वर्षं रेडीला दुसऱ्याच्या ट्रकवर होता, खनिज वाहायचा. तिथे कागदपत्रांचं सगळं मालक बघायचा. पुढे काम सुटलं तेव्हा त्याने ही जुनी रिक्षा विकत घेतली. चौकशीत मी त्याला विचारलं, "हे प्रमाणपत्र कुठून आणलंस?"

"एजंटान दिल्यान, साहेब." त्याने बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानाचं नाव सांगितलं.

"गाडी तपासणीला नेली होतीस?"

"नाय. तो म्हणालो, गाडी न्हेवची गरज नाय. पीयूसी आसा मां, झाला म्हणालो."

"त्याच्याकडे जायला तुला कोणी सांगितलं?"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली बघून म्हणाला, "असोच. कोणीतरी."

चौकशीत माणूस जिथे अडखळतो तिथेच खोटं असतं, असा माझा तीस वर्षांचा अनुभव होता. मी केस डायरीत लिहिलं, 'आरोपी माहिती दडवत आहे.'

एजंटाला बोलावलं. तो पांढऱ्या शर्टात, शांतपणे येऊन बसला. मी त्याला ओळखत होतो. ठाण्यातल्या निम्म्या लोकांच्या गाड्यांचे विमे तोच काढून द्यायचा, माझ्या गाडीचे कागदही त्यानेच केले होते. "साहेब, ह्या माणसाला मी आयुष्यात पाहिलेलं नाही," तो शुद्ध मराठीत म्हणाला. चालकाकडे पावती नव्हती, साक्षीदार नव्हता. त्याच्या शब्दाला आधार नव्हता.

चार दिवसांनी ठाण्याच्या फोनवर एकाने नाव न सांगता खबर दिली. "त्या झेरॉक्सच्या दुकानात गाडी न्हेल्याशिवाय पासिंग होता. माझापण केल्यान. आता माका गाडी भायर काढूची भीती वाटता." मी परवानगी घेऊन दोन पंच आणि ठाण्यातल्या एक हवालदार बाई यांना बरोबर नेलं आणि दुकानाची झडती घेतली.

संगणकावरचं बरंचसं त्याने पुसलं होतं. तरी दोन गाड्यांची बनावट प्रमाणपत्रं छापील सापडली. आमच्या रिक्षाचं काहीच नव्हतं. पंच आणि हवालदार बाई पुढच्या बाजूला छपाईयंत्र सीलबंद करत होते. मी मागच्या खोलीतल्या कपाटातली एक जुनी फाईल चाळत होतो. तिच्यात रिक्षाच्या नोंदणीपुस्तकाची छायाप्रत होती आणि तिला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती.

'यांचे पासिंगचे काम करून देणे.' खाली सही.

अक्षर माझं होतं. सही माझी होती.

मग आठवलं. जत्रेच्या बंदोबस्ताचे दिवस होते. टेबलावर नकाशे पसरलेले, दोन फोन एकदम वाजत होते. दारात एक माणूस टोपी हातात धरून उभा होता. "साहेब, गाडयेचा पासिंग खंय करतत? थंय काय काय बगतत, कोण सांगी नाय." त्याला वाटलं होतं, गाडीचं म्हणजे पोलिसांना ठाऊक असणार. मला ठाऊक नव्हतं. गाड्या अडवून प्रमाणपत्र मागणं मला येत होतं. ते मिळतं कुठे आणि गाडीत काय बघून देतात, हे मी कधी जाणूनच घेतलं नव्हतं. पण नाही माहीत, असं म्हणायला जीभ वळली नाही. हाताशी होता त्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि म्हटलं, "बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात जा, तो सगळं करतो." तो नमस्कार करून गेला. मी त्याचा चेहराही नीट पाहिला नव्हता. त्यालाच पुढे मी समोर बसवून विचारत होतो की तुला कोणी पाठवलं.

त्या कपाटासमोर उभं राहून मी काय केलं, ते लिहितो. टाचणी काढली, चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात टाकली. छायाप्रत तेवढी पंचनाम्यात आली. वळलो तर हवालदार बाई दारात होत्या. त्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना त्यांचं 'जी सर' बंद झालं आणि नुसतं 'हो' उरलं.

एजंट म्हणाला, छायाप्रती तर गावभरचे लोक काढतात, त्यावरून काय सिद्ध होतं? त्याचं बरोबर होतं. चालकाला सोडवू शकेल अशी एकच गोष्ट होती आणि ती माझ्याकडे होती. दोन दिवस मी ती घरच्या कपाटात ठेवली. स्वतःला सांगत होतो, चिठ्ठीने काय होतं, गाडी तर त्यानेच चालवली.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. काजूच्या कारखान्यात काम करणारी, बोटांची टोकं डिंकाने काळी पडलेली. मला वाटलं, रडेल, नवऱ्याला सोडा म्हणेल. ती म्हणाली, "साहेब, गाडी तपासतत तां हापीस खंय आसा? माका थंय जावन बगूचा आसा. माझ्या घोवाची चूक किती आणि दुसऱ्याची किती, तां माका कळाक होया."

मला तेव्हाही पत्ता नीट सांगता आला नाही. मी म्हटलं, "चला, मीच नेतो." हवालदार बाईंना बरोबर घेतलं आणि निघालो. जिल्ह्याच्या ठिकाणी आरटीओ कार्यालयात पोचायला तासभर लागला.

तिथे लांब मोकळा पट्टा होता आणि कडेला गाड्यांची रांग. अपघातातली रिक्षा बघणारे तेच निरीक्षक त्या दिवशी कामावर होते. चालकाच्या बायकोने विचारलं तसं त्यांनी समजावून सांगितलं. भाड्याची गाडी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी दाखवायची, त्यानंतर दरवर्षी. आधी ऑनलाइन फी भरून तारीख घ्यायची. विमा, पीयूसी, कर, परमिट चालू हवं. पीयूसी म्हणजे फक्त धुराची तपासणी, तिचा ब्रेकशी संबंध नाही. मग गाडीचे ब्रेक, सुकाणू, टायर, दिवे, हॉर्न, आरसे, वायपर, मागच्या परावर्तक पट्ट्या बघतात. आमच्यासमोर एक रिक्षा नापास झाली. निरीक्षकांनी तिच्या मालकाला दोषांची यादी लिहून दिली. "दुरुस्त करून परत आणा," म्हणाले. तो कुरकुरत गॅरेजकडे गेला.

"आणि ह्याका आणि काय लागता? वळख बिळख?" तिने विचारलं.

"गाडी लागते," निरीक्षक म्हणाले. "गाडी घेऊन यायचं. बस."

परत येताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. वाटेत एकदाच बोलली. "येवडांच होतां? तेका कोणी सांगूक नाय."

हवालदार बाई पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला त्या जीपमध्ये बसवेना. उतरताही येईना.

ठाण्यात आल्यावर मी कोठडीशी गेलो. चालकाला विचारलं, "मी चिठ्ठी दिली होती, हे तू का सांगितलं नाहीस?"

तो गडबडून उभा राहिला. "तुमीच धाडलास आणि तुमीच इचारतास, कोणी धाडल्यान म्हणान. माका वाटलां, तुमी माका गप ऱ्हवाक सांगतास."

मी जिला कसून केलेली चौकशी समजत होतो, ती त्याला धमकी वाटली होती. आणि त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणू? दोन दिवस चिठ्ठी दडवून मी तेच तर करत होतो.

संध्याकाळी मी घरून चिठ्ठी आणली, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे गेलो आणि लेखी अहवालासह ती त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "झडतीत सापडली तेव्हाच का जप्त केली नाही?"

"लाज वाटली म्हणून, सर."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

तपास माझ्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला. माझा साक्षीदार म्हणून जबाब झाला. हवालदार बाईंनीही आपला जबाब दिला, जसं पाहिलं तसा. खातेनिहाय चौकशी झाली, शिक्षा झाली. ती योग्यच होती. चालकावरचं बनावट दस्तऐवजाचं कलम निघालं. खराब गाडी चालवल्याचा खटला राहिला आणि त्यात तो दोषी ठरला. ब्रेक मऊ लागतो हे त्याला आठवडाभर जाणवत होतं, हे त्याने स्वतःच कोर्टात सांगितलं.

एजंटाला इतर दोन प्रमाणपत्रांबद्दल शिक्षा झाली. पण जिच्यामुळे बाईचा जीव गेला, त्या रिक्षाच्या कागदाबद्दल तो सुटला. त्याच्या वकिलाने मला साक्षीच्या पिंजऱ्यात विचारलं, "ही चिठ्ठी पंचनाम्यात आहे का?" मी म्हटलं, "नाही." "दोन दिवस कुठे होती?" "माझ्याकडे." "म्हणजे तुम्ही ती नंतरही लिहिलेली असू शकते?" हवालदार बाईंनी मला कागद खिशात घालताना पाहिलं होतं, पण त्यावर काय लिहिलंय ते त्यांना दिसलं नव्हतं. आरोपीला संशयाचा फायदा मिळाला. तो फायदा माझ्या खिशातून गेला होता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी मोठं काही सांगू शकत नाही. ठाण्यात येणारा माणूस बहुतेक वेळा न्याय मागायला येत नाही, साधी माहिती विचारायला येतो. ती आपल्याकडे नसेल तर नाही म्हणावं आणि जिथे मिळेल तिथे पाठवावं. ओळखीने काम करून देण्यात मी आयुष्यभर चांगुलपणा समजत होतो. त्यात सोय माझी होती, टेबलासमोरची गर्दी कमी करण्याची.

निवृत्त होऊन जिल्हा सोडण्याआधी मी त्या गेलेल्या बाईच्या मुलीकडे गेलो. बाजारात आईच्या जागेवर आता ती मासे विकायला बसते. कोर्टात काय झालं ते तिने ऐकलं होतं, पण माझ्या तोंडून तिला कळायला हवं असं मला वाटत होतं. गिऱ्हाइकं जरा कमी झाल्यावर मी सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून खिशापर्यंत. ती ऐकता ऐकता सुरमई कापत राहिली.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "ह्यां सांगून झाल्यार माका आता तुमका माफ करूचा लागतला काय?"

"नाही," मी म्हटलं.

"मगे बरां," ती म्हणाली. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला तिने हाताने पुढे बोलावलं आणि मी बाजूला झालो.