मुनीरनं न मोजलेला चौथा

मुनीर मंगळवारी दुपारी वारला. त्याच वेळी तो आमच्या प्रॅक्टिस रूममध्ये एक, दोन, तीन मोजत होता.

चुकून लिहिलेलं नाही. तसंच घडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बँडमध्ये आम्ही तिघं. मी गातो, मुग्धा बेस वाजवते, मुनीर ड्रम्स. सदाशिव पेठेतल्या तळघरात नऊ वर्षं वाजवलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना गाद्या लावल्या होत्या, त्या मुनीरच्या अब्बांच्या दुकानातल्या.

मला थांबता येत नाही, हे अर्ध्या पुण्याला माहीत आहे. गाण्यातही तेच. चार मोजून सुरू करायचं असेल, तर मी साडेतीनलाच तोंड उघडायचो.

म्हणून मुनीरनं मोजायची पद्धत बदलली. एक, दोन, तीन मोठ्यानं. चौथा म्हणायचाच नाही.

"चौथा मनात ऐक," तो म्हणायचा. "तेवढा वेळ तरी गप्प बसशील."

पुढे तीच आमची ओळख झाली.

दोन वर्षांपूर्वी तो बँड सोडून गेला. कारण मी.

दोन गाण्यांच्या मध्ये मी भाषण करायचो. जात, धर्म, नदी, सरकार. काहीही सोडायचो नाही.

"आज अकरा मिनिटं बोललास," एका शोनंतर तो म्हणाला. "माझे हात थंड पडतात रे. मी ड्रमर आहे, श्रोता नाही."

"विचार नसलेलं संगीत म्हणजे वरातीचा बँड," मी सुनावलं.

"वरातीचा बँड निदान वेळेवर सुरू होतो."

स्टिक्स पिशवीत घातल्या आणि गेला. गाद्या नेल्या नाहीत. "राहू देत. शेजाऱ्यांना तुझी भाषणं ऐकू जायला नकोत."

आम्ही नवा ड्रमर घेतला नाही. लॅपटॉपवर मुनीरचं रेकॉर्डिंग होतं, ड्रम्स आणि मोजणी दोन्ही. ते लावून दोघंच वाजवत राहिलो.

महिन्याभरात त्याचा फोन आला.

"ड्रम्स वापर. मोजणी काढ. तो माझा आवाज आहे."

"तो बँडचा आवाज आहे."

"मी नसताना लोकांना मी ऐकू येतो. जिवंत माणसाचं भूत करू नकोस यार."

मी काय केलं? त्याच्यावर पोस्ट लिहिली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी खाली त्याला गद्दार म्हटलं. मी ते सगळं लाइक केलं.

पुढच्या शोमध्ये तेच स्टेजवरून बोललो. टाळ्या पडल्या. मग बटण दाबलं आणि त्याच्याच आवाजात गाणं सुरू केलं.

तो हॉलच्या दाराशी उभा होता, हे नंतर त्याच्या मेसेजवरून कळलं: "भाषण छान. पण गाण्यात पुन्हा घाईत आलास."

तो त्याचा शेवटचा मेसेज. मी उत्तर दिलं नाही.

मंगळवारी दुपारी मी आणि मुग्धानं नेहमीसारखा ट्रॅक लावला.

एक.

दोन.

तीन.

चार.

मुग्धाचे हात थांबले. "तू बोललास?"

"नाही. तू?"

"मी कशाला बोलेन?"

लॅपटॉपच्या स्क्रीनवर मोजणीचे तीन उंचवटे दिसतात, पुढे सपाट रेष. तेव्हाही तीनच होते. फाइल सहा वेळा लावली. चौथा परत आला नाही.

तासाभरानं मुनीरच्या भावाचा फोन आला. हार्ट अटॅक. मी वेळ विचारली. विचारायला नको होती.

भुताखेतांच्या विरोधात मी आयुष्यभर बोललो. आजही मत तेच आहे. जे ऐकलं तेवढंच लिहितोय.

काल दफन झालं. कब्रस्तानात त्याचा भाऊ रिवाजाप्रमाणे जमलेल्यांना म्हणाला, "मुनीरनं कुणाचं मन दुखावलं असेल, तर त्याला माफ करा."

सभा गाजवणारा मी. मागच्या रांगेत सरकलो. माफी मी मागायची होती, आणि त्याच्या वतीनं माझ्याकडेच मागितली जात होती.

अब्बांनी माझं मनगट धरून मला पुढे नेलं. दोन वर्षं त्यांच्या घरी गेलो नव्हतो, त्याबद्दल अवाक्षर नाही. एवढंच म्हणाले, "तीन मूठ माती, बेटा. बस."

एक.

दोन.

तीन.

आणि मी थांबलो. हात रिकामा, तसाच पुढे. मागचे लोक खोळंबले, तरी हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा चौथा पुरा ऐकला.

आज सकाळी मुग्धासमोर मोजणी पुसली. बॅकअपमधूनही.

"नक्की?" तिनं विचारलं. "परत मिळणार नाही."

"त्यानं मागितलं होतं."

मग ट्रॅक लावला. सुरुवातीला आता नुसती शांतता. कुणी काही मोजलं नाही. तरी ड्रम्सच्या पहिल्या ठोक्यावर आम्ही दोघं बरोबर आलो.

मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. तिला काय ऐकू आलं, मी विचारलं नाही. तिनंही मला विचारलं नाही.

मुनीर, तुझा आवाज तुला परत दिला. उशिरा दिला. माफ कर.

आज यापुढे बोलत नाही.