जाऊबाईंचं गोदाम

गल्लीत माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळे ‘गोदाम’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण इतक्या मायेनं म्हणत, की तोंडावर म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला गल्लीत कुणी काहीच म्हणत नव्हतं. एवढं सांगितलं की माझं दुखणं काय होतं ते कळेल.

आमचं घर दुमजली. वर जाऊबाई आणि मोठे दीर, खाली आम्ही दोघं आणि सासूबाई. पुढच्या खोलीत माझं बायकांचे केस कापायचं दुकान. जिन्याखाली एक बुटकी खोली होती, तिच्यात कमरेत वाकून शिरावं लागे. तिथं जाऊबाईंनी अडीनडीचा साठा केला होता. तांदूळ, डाळी, पीठ, मीठ, तेल, दूध पावडर, साबण, मेणबत्त्या, काड्यापेट्या, जखमेवर बांधायच्या पट्ट्यासुद्धा. त्या रुग्णालयात चादरी-टॉवेलांच्या कोठीवर कामाला, तिथली शिस्त त्यांनी घरी आणली होती. जुनं पुढे, नवं मागे. प्रत्येक डब्याला रबर, रबराखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर आणल्याची तारीख. शनिवारी सकाळी चष्मा लावून त्या आत शिरत आणि तासाभरानं पाठ चोळत बाहेर येत. एवढ्यावर खरं तर कुणाचं काय बिघडायचं होतं?

पण मागच्या वर्षी वादळानं तीन दिवस वीज गेली आणि सगळी गल्ली मेणबत्त्या न्यायला आमच्या जिन्यापाशी आली. त्यानंतर महिनाभर माझ्या दुकानात दुसरा विषय नाही. मान माझ्या हातात, कात्री माझ्या हातात, आणि कौतुक जाऊबाईंचं. “तुमच्या जाऊबाई म्हणजे देवमाणूस हो,” गिऱ्हाईक म्हणे. मी म्हणे, “मान खाली घाला.” रात्रीचं जेवताना आमचे हे म्हणायचे, “वहिनी आहे म्हणून या घराला काळजी नाही.” घास गिळताना मला ठसका लागे आणि पाणी द्यायलाही वरून जाऊबाईच धावत येत. एखाद्या बाईनं किती चांगलं असावं यालाही काही मर्यादा हवी.

मग मीही पलंगाखाली साठा केला. त्यांच्यापेक्षा मोठे डबे आणले, झाकणं रंगीत घेतली. दोन महिन्यांत पिठात अळ्या झाल्या आणि तांदळात टोके. हात दाखवून अवलक्षण ते हेच. सासूबाई सुपात तांदूळ पाखडत म्हणाल्या, “असू दे गं. थोरलीचं ते थोरलीलाच जमतं.” हसून म्हणाल्या, म्हणून जास्त झोंबलं. रागावल्या असत्या तर मीही दोन शब्द ऐकवले असते.

त्या आठवड्यात एका दुपारी घरात कुणी नसताना मी जिन्याखाली शिरले आणि पिठाच्या दोन डब्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या. जुन्याला नवी, नव्याला जुनी. चोरी नाही, नासधूस नाही. एकदा तरी बाई तोंडघशी पडावी, एवढीच इच्छा. एकदाच करायचं ठरवलं होतं. पण मग दूध पावडरचे डबे केले, मग पुन्हा पिठाचे. दर पंधरा दिवसांनी माझा एक फेरा होऊ लागला. शनिवारी त्या आत असल्या की मी दुकानातून कान देऊन ऐकत बसे. आतून फक्त डबे सरकवल्याचा आवाज येई. त्यांचा आपल्या चिठ्ठ्यांवर पूर्ण भरवसा होता.

असे सहा महिने गेले आणि पूल खचला. आमची वस्ती नदीच्या या अंगाला, घाऊक बाजार त्या अंगाला, मधे तेवढा एकच पूल. मालाचे ट्रक बंद झाले. चौथ्या दिवशी दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या आणि तहान लागल्यावर विहीर खणणारी सगळी मंडळी आमच्या दारात उभी राहिली. जाऊबाईंनी पदर खोचला, लोकांना ताजं द्यावं म्हणून मागचा पिठाचा डबा बाहेर ओढला, चिठ्ठी वाचली. मागच्या महिन्याची. झाकण उघडलं तर आत अळ्या. दुसरा डबा उघडला, तसाच. शेजारची बाळंतीण वाटी घेऊन उभी होती, तिच्यासमोर दूध पावडरचा डबा उघडला तर खडे झालेले आणि खवट वास. जाऊबाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली, चष्मा पुसून आणखी एकदा वाचली. मग म्हणाल्या, “माझ्याच हातून झालंय हे.”

गल्ली उपाशी राहिली नाही, तेही सांगते. तांदूळ आणि डाळी उत्तम होत्या, बाळंतिणीला पुढच्या डब्यातली चांगली पावडर मिळाली, आठ-दहा दिवसांत नावेनं माल येऊ लागला. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या अळ्या. दुसऱ्याच दिवशी माझ्या खुर्चीत बसलेली बाई म्हणाली, “वय झालं हो त्यांचं.” मी म्हटलं, “चालायचंच.” खोटं कशाला बोलू, तो एक दिवस मला फार गोड गेला.

पुढचे दिवस तसे गेले नाहीत. जाऊबाई स्वयंपाकघरातून हाक मारून विचारू लागल्या, “मी मीठ घातलं का गं?” गॅस बंद केला का ते पाहायला दोन-दोनदा वर जाऊ लागल्या. शनिवार आला तर जिन्याखाली गेल्याच नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी मला बोलावलं. खोलीच्या दारात पाटावर बसल्या होत्या.

“आजपासून हे सगळं तू बघ,” त्या म्हणाल्या.

लग्न होऊन या घरात आल्यापासून सहा वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते. “का हो ताई?” मी विचारलं.

“माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. याच वयात. आधी डबे चुकले, मग घरचा रस्ता. शेवटी मी कोण तेही तिला कळेना. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. कामावरही सांगून टाकते, की आता माझ्याच्यानं होणार नाही.” त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले होते.

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. चिठ्ठ्या, दुपारी, सहा महिने. कारणही सांगितलं, “तुमचं चांगलं म्हणतात ते मला बघवत नव्हतं.”

मला वाटलं, थोबाडीत बसेल. पण त्या पुढे सरकल्या आणि माझं मनगट पकडून विचारू लागल्या.

“पिठाच्या तू बदलल्यास?”

“हो.”

“दूध पावडरच्या?”

“त्याही मीच.”

“आणि हा?” त्यांनी आत हात घालून मिठाचा डबा काढला. रबराखाली एकावर एक तीन चिठ्ठ्या, तिन्हींवर तीच तारीख, तेच टपोरं अक्षर. “हा मला परवा सापडला. हा बघून मी खरी घाबरले गं. हेही तूच केलंस ना?”

मिठाच्या डब्याला मी कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी फक्त चिठ्ठ्या बदलत होते, लिहिली एकही नव्हती.

“मीच,” मी म्हटलं. “तुमचं अक्षर गिरवलं.”

त्यांनी डबा खाली ठेवला. मग हसल्या, हसता हसता रडल्या, माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि “थांब, सासूबाईंना सांगते तुझे प्रताप,” म्हणत तरातरा आत गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत माझं नाव झालं. सासूबाईंनी बोलणं टाकलं, ह्यांनी ताट बाजूला सारलं, आणि जाऊबाई सगळ्यांना सांगत होत्या, “जाऊ द्या हो, पोर चुकली. मला मात्र जीव परत मिळाला.” तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटला. इतक्या सहज माफ करणं मला कुठं जमलं असतं?

दिवे लागायच्या वेळेला मोठे दीर एकटे भेटले. मी त्यांना म्हटलं, “भावजी, सोमवारची डॉक्टरांची वेळ रद्द करू नका.”

“आता कशाला?” ते म्हणाले. “सगळं तूच केलंस ना?”

मिठाच्या डब्यावरच्या तीन चिठ्ठ्या मी त्यांच्या हातात ठेवल्या. म्हटलं, “त्यांच्यासारखं अक्षर मला जन्मात जमलेलं नाही.”